समुद्रशेवाळाचं बेणं

रायपूरच्या पुरानी बस्तीत समुद्र येतो तो बाटलीतून. महामाया मंदिरामागच्या आमच्या गल्लीतल्या काकांची धानशेती आरंगकडे. धानाला फुटवे येऊ लागले की त्यांच्या पडवीत युरियाच्या गोण्यांशेजारी इफकोच्या ‘सागरिका’च्या बाटल्या दिसू लागतात. झाकण काढलं की काळपट रस आणि सुक्या मासळीच्या जवळ जाणारा वास. “एहा समुंदर के घास के रस आय, बेटा,” म्हणत काका एकरी पाव लिटरच्या हिशेबानं तो पंपात ओततात.

या रसातलं कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ तामिळनाडूत, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर पिकतं. बी पेरायची भानगड नाही. फांदी तोडायची, दोरीला बांधायची. 45 दिवसांत वजन चार-पाच पट होतं आणि त्यातल्याच फांद्या पुढच्या लागवडीला. उसाचं बेणं वर्षानुवर्षं त्याच फडातून घ्यावं, तसं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं 1984मध्ये जपानहून थोडं शेवाळ ओख्याला आणलं, त्याचाच हा सगळा विस्तार. 2013नंतर पाणी तापलं, फांद्या पांढऱ्या पडून गळू लागल्या आणि उत्पादन कोसळलं. सगळे तराफे म्हणजे जणू एकच झाड. एकाला जे सोसवत नाही ते कुणालाच सोसवत नाही.

म्हणून ऊतिसंवर्धन. निरोगी फांदीचा शेंडा घ्यायचा, ब्रशनं घासायचा (त्यावर दुसरी बारीक शेवाळं चिकटून बसलेली असतात, खरा त्रास त्यांचाच), जंतुनाशकातून आणि प्रतिजैविकांतून काढायचा, मग काही मिलिमीटरचे तुकडे करून पोषक समुद्रजलाच्या बरणीत सोडायचे. मंद उजेड, हवेचे बुडबुडे. बरेच तुकडे मरतात. जे जगतात त्यांच्या कापल्या कडेला फुटवे येतात. ते वाढले की टाकीत आणि मग जाळीच्या पिशवीतून समुद्रात, कारण कोवळा फुटवा मासे लगेच फस्त करतात.

एवढं केलं की बेणं स्वच्छ आणि जोमदार मिळतं. पण वाण तोच. बरणी रोग धुते, नवे गुण देत नाही. त्यासाठी बाहेरून नवं शेवाळ आणावं लागणार, आणि ऑक्टोबर 2024मध्ये केंद्रानं जिवंत शेवाळाच्या आयातीचे नियम काढले ते यासाठीच. त्यात विलगीकरणाची अट आहे. ती मला जाचक वाटत नाही: मन्नारच्या आखातात क्रुसडई बेटाजवळ हेच कप्पाफायकस लागवडीतून सुटून प्रवाळांवर पसरल्याची नोंद 2008मध्येच झाली होती.