दिवाळीची रात्रपाळी

सण म्हटला की सुट्टी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की सुट्टी कोणाच्या तरी कामावर उभी असते, हे सहसा ध्यानात येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर दिवे लागतात ते वीजघरात कोणी तरी जागा असतो म्हणून. भाऊबीजेला बहीण माहेरी पोचते ती एस.टी.च्या चालकाने स्वतःच्या बहिणीला 'उद्या येतो' असा निरोप धाडलेला असतो म्हणून. ज्याला आपण सण म्हणतो तो काहींनी साजरा करावयाचा आणि काहींनी सांभाळावयाचा, अशी ही मुकाट वाटणी आहे.

आमच्या वणीला ही वाटणी नवी नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, निर्गुडेच्या काठी वसलेले हे गाव. लोकनायक बापूजी अणे येथे १८८० साली जन्मले, म्हणून जुनी माणसे त्याचा अभिमान बाळगतात. नवी माणसे त्याला कोळशाचे गाव म्हणून ओळखतात. भोवताली उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली अशा खाणी. खाणीला दिवस-रात्र सारखेच. त्यामुळे 'पाळी' हा शब्द येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. बाबा रात्रपाळीला असले की दुपारी घरात हळू बोलावयाचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु खाणीच्या पाळीला निदान तिचे काम ठरलेले असते. इतके खोदावयाचे, इतके भरावयाचे. आज मला सांगावयाचे आहे ते अशा एका पाळीविषयी, की जिच्यातील माणसे रात्रभर आपल्याला काम मिळू नये अशीच प्रार्थना करतात. ही पाळी रुग्णवाहिकेची. गावाच्या बोलीत 'एकशे आठ'ची.

जखमीकडे आपण होऊन धावत जावे, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या रणांगणावर घायाळ झालेला शिपाई बहुधा लढाई संपेपर्यंत जागीच पडून राही. लढाई चालू असतानाच त्याला उचलून आणण्यासाठी हलक्या, वेगवान गाड्या हव्यात, हे फ्रेंच सैन्यातील दोमिनिक लारे या शल्यवैद्याने १७९० नंतरच्या दशकात मनावर घेतले आणि घोड्यांच्या गाड्या सिद्ध केल्या. पुढे हाच लारे नेपोलियनच्या सैन्याबरोबर देशोदेशी हिंडला. आपल्याकडे या कामाशी जोडलेले सर्वांत मोठे नाव महात्मा गांधींचे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचे शुश्रूषापथक उभारले. त्यात वकील होते, व्यापारी होते आणि बहुसंख्य गिरमिटिये मजूर होते. डोलीतून जखमींना वाहून नेत ही माणसे दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालत. लारेची घाई आणि गांधीजींच्या पथकाची तंगडतोड, या दोहोंवाचून रुग्णवाहिका चालत नाही. मग तिला घोडे जुंपा की इंजिन बसवा.

'१०८' हा क्रमांक देशात प्रथम २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाला. महाराष्ट्रात ही योजना २०१४ च्या जानेवारीत आली, तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या देण्यात आल्या. त्यांपैकी २३३ कृत्रिम श्वासयंत्रासह पुरत्या सज्ज आणि ७०४ प्राणवायू व प्राथमिक उपचारांच्या साधनांच्या. जपमाळेचे मणी एकशे आठ, म्हणून हा आकडा म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी चटकन बसला. दूरध्वनी केला की तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तेथून जवळच्या गाडीला हुकूम सुटतो. शहरात वीस आणि खेड्यात तीस मिनिटांत गाडी पोचावी, असा योजनेचा संकल्प. रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाही. आणि आपल्या राज्याचे वैशिष्ट्य असे की, गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो. चालकाला या मंडळींच्या भाषेत 'पायलट' म्हणतात. वणी-मुकुटबन रस्त्यावरचे खड्डे चुकवीत गाडी हाकणाऱ्याला वैमानिकाची पदवी देणारा जो कोणी असेल, त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावयास हवी!

आता दिवाळीचे दिवस या दोघांच्या खिडकीतून पाहा.

धनत्रयोदशीला वैद्यांचे दैवत धन्वंतरी याची जयंती. या गाड्यांवरील बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर असतात, म्हणजे तो दिवस त्यांचा कुळाचारच. पूजा करावयास ते घरी नसतात. प्राणवायूच्या नळकांड्याचा काटा पाहणे, सलाईनच्या बाटल्या मोजणे, हीच त्यांची धन्वंतरीची षोडशोपचार पूजा. नरकचतुर्दशीला पहाटे गाव उटणे लावून अभ्यंगस्नान करीत असते, तेव्हा यांची रात्रपाळी सरत आलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी भाजलेली मुले येतात. पाडव्याला विदर्भात गायगोधन. शिंगे रंगवलेली जनावरे वाजतगाजत निघतात आणि एखादा बुजलेला गोऱ्हा कोणाला तरी आडवा करतो. भाऊबीजेला रस्ते मोटारसायकलींनी भरून जातात. एका गाडीवर नवरा, बायको, दोन लेकरे आणि फराळाची पिशवी. आणि त्याच रस्त्यावर कोळशाचे ट्रक. पुढचे सांगावयास नको.

शिवाय दिवाळी हा आमच्याकडे शेताच्या घाईचा काळ. सोयाबीनची मळणी उरकावयाची असते, थ्रेशरमध्ये हात जातो. कापसाची वेचणी सुरू झालेली असते, ओळीत वाकलेल्या बाईच्या पायाला साप डसतो. सण पंचांगात असतो. साप पंचांग पाहत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अशा गाडीवर पायलट आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि निबंधात चार ओळींपलीकडे त्याची मजल जात नसे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो भेटला, तेव्हा मात्र पुष्कळ बोलला. मी विचारले, "काय रे, सणाच्या रात्री कॉल आला नाही, तर बसून कंटाळा नाही येत?"

तो म्हणाला, "नाही सर. कॉल नाही आला तं लय बरं वाटते. पण झोप नाही येत जी. फटाका वाजला का वाटते, आता फोन वाजते."

"आणि घरी?"

"पोरगं इचारते, बाबा, तुमची दिवाळी कवा? म्या सांगितलं, आपली तुळशीच्या लग्नाले. तवरोक फटाके जपून ठेव म्हटलं. त्यानं ठेवले जी, अर्धे." तो हसला. मग म्हणाला, "आमच्या डॉक्टरबाईचं तं त्याहून कठीण. तिचं लेकरू दीड वर्साचं. आजीजवळ ठेवून येते."

त्याची खरी तक्रार निराळीच होती. पत्ता! "सर, लोक सांगतात, मारुतीच्या देवळाजवळ या. आता तुम्हीच सांगा, मारुती कोणत्या गावात नाही? रस्त्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा राहिला तं आमचे दहा मिन्टं वाचतात." शेवटच्या बाकावरच्या या पोराने मला निबंधाचा सगळा सारांशच सांगितला असे वाटले.

दहा मिनिटांची किंमत आमच्या तालुक्यात अधिक आहे, त्याचे कारण भूगोल. वणीच्या रुग्णालयात जे होण्यासारखे असते ते होते. पण डोक्याला मार, बिघडलेले बाळंतपण, अंगात भिनलेले विष, अशा रोग्याला पुढे धाडावे लागते. यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरांहून दूर. चंद्रपूर पन्नास-साठ किलोमीटरांवर, पण तो जिल्हा निराळा. नागपूर त्याहून लांब. अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा, असे वैद्यकशास्त्र सांगते. आमच्याकडे त्या सोन्यातले बरेचसे रस्त्यातच खर्ची पडते. म्हणून गाडीच्या मागच्या भागात डॉक्टर काय करतो यालाच मोल. हलत्या गाडीत शीर शोधून सलाईन लावणे, रक्त दाबून धरणे, श्वास चालू ठेवणे, आणि सोबत आलेल्या आईला धीर देणे. हे शेवटचे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते.

आणि एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. गाडी यवतमाळला गेली की जाऊन-येऊन चार-पाच तास तिची जागा रिकामी असते. तेवढ्यात दुसरा कॉल आला तर मारेगाव, झरी किंवा वरोऱ्याकडून दुसरी गाडी यावयाची. म्हणून एखाद्या टवाळाने गंमत म्हणून केलेला फोन, किंवा नुसते पोट दुखते म्हणून फुकटच्या गाडीला घातलेली साद, ही निरुपद्रवी थट्टा नसते. कोणाच्या तरी वाट्याची तीस मिनिटे त्यात चोरीला जातात.

ही सेवा ऐन परीक्षेच्या वेळी काय करते, हे आमच्या जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. किमान वीस माणसे दगावली. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, हातमोजे नाहीत, मुखवटा नाही. कोणाचे डोळे गेले, कोणाला शुद्ध राहिली नाही. त्या वर्षी दिवाळी १९ ऑक्टोबरला होती. यवतमाळच्या वॉर्डांतून रोगी होते, आणि खेड्यातल्या कित्येक अंगणांत त्या वर्षी आकाशकंदील लागला नाही. त्या दिवाळीत ज्यांनी रोगी वाहिले, त्यांना सुट्टीचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळत असावे.

आता प्रश्न असा की, आपण या माणसांचे काय देणे लागतो? आपल्याकडे कृतज्ञतेची एक सोपी तऱ्हा आहे. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषण. कोरोनाच्या काळात, २०२० साली, आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्याही बडवल्या. त्यात खोटे काही नव्हते. परंतु टाळीने घरभाडे भरता येत नाही. या गाड्यांवरील माणसे बहुतांशी कंत्राटावर. राज्यातील चालकांनी वेतनासाठी आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी वेळोवेळी आवाज उठवला आहे. सणाला जो कामावर येतो, त्याला त्या दिवसाचा जादा मोबदला, पाठोपाठ एक हक्काची सुट्टी, आणि यंदा दिवाळी केलेल्याला पुढच्या वर्षी मोकळीक, एवढे तरी ठरून मिळावयास हवे. जीवदान हे पुण्यकर्म खरे. पण पुण्य करणाऱ्याने उपाशीपोटी करावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

सरकारचे सरकार पाहील. आपल्या हातचे तरी आपण करू. भोंगा ऐकू आला की गाडी डावीकडे घ्यावी. अशा वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड आणि प्रसंगी कैद, असा कायदा २०१९ च्या दुरुस्तीने झाला आहे. पण कायद्याची वाट न पाहता वाट द्यावी हे बरे. अपघात पाहिला तर थांबावे. मदत करणाऱ्याला पोलिसी चौकशीचा त्रास होऊ नये, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच संरक्षण दिले, आणि २०१९ मध्ये ते कायद्यातही आले. मूल फटाक्याने भाजले तर जखमेवर टूथपेस्ट, शाई, हळद असले काही थापू नये. वीस मिनिटे साधे गार पाणी धरावे आणि स्वच्छ फडक्याने झाकून दवाखाना गाठावा. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता, पाय न हलवता, सरळ रुग्णालय. फोन केला तर गाव, तालुका आणि खुणेची जागा नीट सांगावी. मारुतीचे देऊळ सांगावयाचेच असेल तर ते कोणत्या गावचे, हेही सांगावे. आणि एका माणसाला बॅटरी देऊन रस्त्यावर उभे करावे.

फराळाचे ताट नेऊन देण्यास कोणाची ना नाही. डॉक्टरबाईला आणि पायलटला चकली आवडतेच. मात्र ते ताट देताना गाडीच्या दारासमोर आपली मोटारसायकल उभी करू नये, आणि गप्पांत त्यांना फार गुंतवू नये. घास हातात असतानाच त्यांना उठावे लागेल, तर वाईट वाटून घेऊ नये. चकली दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहते.