नंबर सांगा, प्लग देतो

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन कुणी ‘पल्सरचा प्लग द्या’ म्हटलं, की काउंटरमागून उलट प्रश्न येतो, ‘कुठली पल्सर?’ गिऱ्हाइकाला तो खवचटपणा वाटतो, पण प्रश्न रास्त असतो. २००१ साली आलेल्या पहिल्या पल्सरला एकच प्लग होता. २००३ साली डीटीएस-आय आली, तिच्या एका सिलिंडरला दोन प्लग. २०१२च्या २०० एनएसला तर तीन. शिवाय दोन प्लगांच्या गाडीची गंमत अशी, की एक मेला तरी ती चालत राहते. पिकअप थोडा पडतो, पेट्रोल थोडं जास्त लागतं आणि मालक दोष पेट्रोल पंपाला देतो. २००३च्याच होंडा सिटीत, आय-डीएसआय इंजिनात, चार सिलिंडरांना आठ प्लग होते. तिथे गॅरेजवाल्याने आठ प्लगांचं बिल लावलं, तर ते खोटं नव्हे.

प्लगाचं काम ऐकायला सोपं आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये पंधरा-वीस हजारांवर जातात, प्लगापर्यंत पोचतात आणि त्याच्या टोकाशी असलेली जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरची फट उडी मारून ओलांडतात. तीच ठिणगी. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर सिलिंडरला मिनिटाला ३,००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला ५०. तेही पेटत्या भट्टीत तोंड घालून. (डिझेल गाडीवाल्यांनी इथे पान उलटायला हरकत नाही. त्यांच्या इंजिनात हवा नुसती दाबूनच एवढी तापते, की ठिणगीची गरज पडत नाही.)

हे सगळं सोसणाऱ्या प्लगाची कुंडली त्याच्या अंगावरच छापलेली असते. एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या. ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेलं चिनीमातीचं नाक, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे साधा, तांब्याच्या गाभ्याचा. मधला ६ हा उष्णतेचा नंबर. याच जागी बसणारा बॉशचा प्लग म्हणजे डब्ल्यूआर७डीसी, डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर-यू आणि चॅम्पियनचा आरएन९वायसी. एकाच कामाचे चार प्लग आणि त्यांचे आकडे ६, ७, २० आणि ९!

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांचा आकडा वाढला, की प्लग ‘थंड’ होत जातो. बॉश आणि चॅम्पियनचा आकडा वाढला, की तो ‘गरम’ होत जातो. जुन्या मेकॅनिकच्या तोंडी बॉशचा प्लग अजूनही ‘मायको’च असतो; १९५१ साली बंगलोरला सुरू झालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश लिमिटेड झालं. मायकोवर हात बसलेल्या माणसाने एनजीकेचं खोकं उघडलं, की डोक्यातली मोजपट्टी उलटी धरायची. ‘एक नंबर वरचा टाकतो’ असं कुणी म्हणालं, तर कुठल्या कंपनीचा, हे विचारल्याशिवाय मान डोलवू नये.

गरम प्लग म्हणजे गरम ठिणगी नव्हे. ज्वलनाची उष्णता प्लगाच्या टोकाकडून सिलिंडर हेडकडे किती झटकन निघून जाते, त्याचं हे माप आहे. नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. नाक आखूड, तो थंड. टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५०-९०० अंशांच्या वर गेलं, तर ते निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं, आणि मग पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. घर ते भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या स्कूटरला प्रमाणाबाहेर थंड प्लग घातला, तर तो काळा पडतो. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास पळणाऱ्या गाडीत प्रमाणाबाहेर गरम प्लग असला, तर दुसरं संकट येतं. कंपनीने दोन्ही बाजूंचा विचार करून पुस्तिकेत नंबर दिलेला असतो. इंजिनात फेरफार केले नसतील, तर तो सोडायचं कारण नाही.

आट्यांच्या लांबीत तर ‘चालतंय की’ अजिबात नको. आखूड प्लगामुळे हेडच्या उघड्या आट्यांत काजळी बसते, आणि लांब प्लग थेट पिस्टनला धडकू शकतो.

मग इरिडियमचं काय? निकेल १,४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २,४४६ अंशांना. त्यामुळे साध्या प्लगाचं अडीच मिलिमीटर जाडीचं टोक इथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि टोक झिजतं फार सावकाश. फायदा आहे तो एवढाच. ठणठणीत इंजिनात नव्या साध्या प्लगाच्या जागी इरिडियम घालून मायलेज वाढल्याचं कुणी सांगितलं, तर बहुधा काढलेला प्लगच जुना असतो. जिथे प्लगापर्यंत पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, तिथे इरिडियमचा खर्च वसूल होतो. रोजच्या १०० सीसी मोटारसायकलला निकेल पुरे. इरिडियमचं टोक मात्र पॉलिश पेपरने घासू नये आणि गेज घालून वाकवूही नये. ते नाजूक असतं.

कॉइलचा करंट प्लगापर्यंत नेणाऱ्या वायरींचा प्रश्न आता जुन्या गाड्यांपुरता उरत चालला आहे. अलीकडच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. पण २०२३ साली मुंबईचा निरोप घेतलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी किंवा कॉलनीत अजून जपलेली मारुती ८००, यांच्या डिस्ट्रिब्युटरमधून जाड काळ्या वायरी निघतात, आणि पहिल्या पावसात गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, की संशय त्यांच्यावरच घ्यावा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर निळसर लकाकी दिसली, तर करंट वाटेतच गळतोय. अशा वेळी हात लांब ठेवावा.

नवी वायर घेताना जाडीला भुलू नये. सातऐवजी आठ मिलिमीटर, यातला जादा भाग बहुतेक वेळा नुसतं आवरण असतं. सिलिकॉनचं आवरण उष्णतेला टिकतं, लांबी मूळ वायरीइतकी हवी आणि गाभा रेझिस्टन्सचा हवा. नुसत्या तांब्याच्या वायरीने रेडिओ खरखरतो, तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत सेन्सरच गोंधळतात. एका वेळी एकच वायर बदलावी. चारही काढून ठेवल्या, की १-३-४-२ हा क्रम आठवत बसावं लागतं. काढताना ओढायचं ते रबरी टोपण, वायर नव्हे.

सीएनजीवर तर प्लग आणि वायर दोघांचीही परीक्षा असते. वायूचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर महिनोन्‌महिने झाकून राहिलेली झिजलेली फट किंवा चिरलेलं आवरण सीएनजीवर लगेच उघडं पडतं. त्यामुळे फट कंपनीने सांगितलेल्या मापावर ठेवावी आणि प्लग लवकर तपासावेत.

बदलताना इंजिन गार हवं. भोकाभोवतीची धूळ फुंकून घ्यावी आणि सुरुवातीचे आटे पान्ह्याने नव्हे, बोटांनी बसवावेत. वॉशरचा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्ह्याने साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले, की प्लगाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च येतो.

आणि जुने प्लग फेकण्याआधी वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. चहाबिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक टोक म्हणजे इंजिन तापतंय. चारांतला एकच प्लग तेलाने ओला निघाला, तर नवा प्लग थोडेच दिवस निभावेल. त्या सिलिंडरच्या पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं तपासायला गाडी गॅरेजात न्यावी लागेल.