आजीच्या डब्यावरचं नाव लेझरने कोरावं का?

माजिवड्याच्या आमच्या घरी आजीचा पितळी डबा आहे. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव आता पुसट झालंय. डबा बहिणीला लग्नात द्यायचा ठरला, तेव्हा मी म्हटलं, लेझरने नाव ठळक करून घेऊ. पण थोडा अभ्यास केला आणि थांबलो.

हाताने कोरताना छिन्नी धातूत खाच पाडते. १७८७ मध्ये ठाण्यात खोदकामात सापडलेले शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट इ.स. १०१७ चे, तरी अक्षरं वाचता आली! जुन्या अमेरिकन दुनळी बंदुकांवरची नक्षीही अशीच. पोलाद कडक करण्याआधी ती कोरत, कारण नंतर छिन्नी नीट चालत नाही.

फायबर लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा:

• मार्किंग: उष्णतेने फक्त पृष्ठभागाचा रंग बदलतो. स्टीलवर छान दिसतं.
• एन्ग्रेव्हिंग: धातूचा थर उडून खरी खाच पडते. पितळ बराच प्रकाश परत फेकतं, म्हणून किरण अनेकदा फिरवावा लागतो.

म्हणजे जुन्या अक्षरांवरून लेझर फिरवला, तर कारागिराचे ठिपकेच उडणार. इथे ‘अनडू’ नसतो!

दुकानात जाताना नाव टाइप करून पाठवू नका, जोडाक्षरं तुटू शकतात. अक्षरं आउटलाइनमध्ये बदललेली एसव्हीजी फाइल द्या. आधी टाकाऊ पत्र्यावर नमुना बघा. आणि मशीन चालू असताना योग्य चष्म्याशिवाय वाकून बघू नका.

आम्ही काय केलं? आजीचं नाव तसंच ठेवलं. बहिणीचं झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलं.