वस्तू कोणासाठी? मुलाखतीतल्या एका प्रश्नाविषयी

श्रोतेहो, गोष्ट गेल्या वर्षीची आहे. आळंदीजवळच्या एका खेड्यातला माझा एक जुना विद्यार्थी मुलाखत देऊन आला, तो तोंड पाडूनच. मुलगा हुशार, इंजिनिअर झालेला, चाकणच्या पट्ट्यात तीन वर्षे नोकरी केलेला. मी म्हटले, "काय रे, काय विचारलं?" तर म्हणाला, "सर, ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसांसाठी गजराचं घड्याळ तयार करा. मी बारा युक्त्या सांगितल्या. आवाजावर चालणारं, अंधारात चमकणारं, औषधाची आठवण देणारं, नातवाला फोन लावणारं. ते नुसते ऐकत होते. शेवटी विचारलं, हे आजोबा राहतात कुठं, त्यांच्या खोलीत आणखी कोण झोपतं? माझ्यापाशी उत्तरच नव्हतं."

आता गंमत अशी, की या मुलाच्या घरी पंचाहत्तरी उलटलेले आजोबा आहेत. ते त्याला तिथे आठवले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

तो ज्या जागेसाठी गेला होता तिला 'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणतात. हा माणूस यंत्र चालवीत नाही, दुकानात बसून मालही विकत नाही. पूर्वी मोठ्या वाड्यांतून कारभारी असत. कारभारी स्वतः नांगर धरीत नसे, पण कोणत्या रानात काय पेरायचे आणि काय मुळीच पेरायचे नाही, हे तो ठरवी. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे तसा वस्तूचा कारभारी. ही वस्तू कोणासाठी, त्याची अडचण कोणती, ती दूर करायला वस्तूत काय घालावे आणि काय गाळावे, हे त्याने ठरवायचे, आणि मग इंजिनिअर, कारागीर, विक्रेते या सर्वांकडून ते करवून घ्यायचे. वस्तू लोखंडाची असो की मोबाइलमधली, काम तेच.

अशा मुलाखतीत 'अमक्यासाठी तमुक वस्तू तयार करा' किंवा 'तुमच्या आवडत्या वस्तूत सुधारणा सुचवा' असा प्रश्न हमखास येतो. त्याला बरोबर उत्तर असे एक नसते. तुम्ही विचार कोणत्या वाटेने करता, ते समोरच्याला पाहायचे असते. आणि आपल्या मुलांचे घोडे अडते ते इथेच. शाळेपासून आपण त्यांना एकच शिकवले आहे, की प्रश्न सुटला की उत्तर फेकायचे. इथे मात्र प्रश्नाला आधी उलट प्रश्न विचारायचा असतो. ते उद्धटपणाचे होईल, असे आपल्या मुलांना वाटते. तसे काही नाही. तिथे त्याचीच अपेक्षा असते.

या बाबतीत फार लांबचे उदाहरण नको. पुण्यात टाटा मोटर्सने 2005 च्या मे महिन्यात 'एस' नावाची छोटी मालगाडी बाजारात आणली. आपण तिला 'छोटा हत्ती' म्हणतो. दोन सिलिंडरचे सुमारे 700 सी.सी.चे डिझेल इंजिन आणि पाऊण टनाचा माल, एवढाच तिचा जीव. त्यापूर्वी गावातला लहान माल वाहायचा तो तीनचाकी टेम्पोने. (हा 'टेम्पो' शब्दसुद्धा एका जर्मन गाडीचे नाव आहे. 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने ती गाडी इथे बनवायला घेतली आणि नाव आपल्या बोलीत मुरले.) छोट्या हत्तीची योजना गिरीश वाघ यांच्याकडे होती. त्यांच्या मंडळींनी आधी आराखडे काढले नाहीत. ती तीनचाकीवाल्यांकडे गेली. माल किती भरता, किती लांब जाता, रस्ता कसा असतो, गाडी बंद पडली तर काय करता, हे सारे त्यांनी विचारून घेतले. त्यात एका चालकाने सांगितलेली गोष्ट पुढे पुष्कळांनी लिहिली आहे. तो म्हणाला, चारचाकी असती तर गावाकडे माझं लग्न जमणं सोपं गेलं असतं!

श्रोतेहो, हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत काय काय पाहिले जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या माणसाला माल वाहायचा होता हे खरेच, पण त्याबरोबर त्याला चार लोकांत मानही हवा होता. नुसते तीनचाकीपेक्षा जास्त ओझे नेणारे वाहन केले असते, तर ही दुसरी गरज तशीच राहिली असती. चौथे चाक त्याला तोल देत होते आणि प्रतिष्ठाही.

आणि हीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणी उलटली. त्याच कंपनीने 'नॅनो' मोटार 2008 च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली. तिचेही काम वाघ यांच्याकडेच होते. स्कूटरवर भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना ती सुचली होती. म्हणजे अडचण खरी होती, माणूसही खरा होता. पण 'सर्वांत स्वस्त मोटार' असा तिचा डंका वाजला. पहिली मोटार घेणाऱ्याला शेजाऱ्यांसमोर सर्वांत स्वस्त वस्तू उभी करायची नसते. तसा गाजावाजा झाला ही चूक होती, असे पुढे टाटांनीच बोलून दाखवले. 2018 साली नॅनो बनायची थांबली. मुलाखतीला जाणाऱ्याने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून अभ्यासावीत. एका पुस्तकाइतके त्यांतून कळेल.

आता एक प्रश्न आपणच सोडवून पाहू. समजा विचारले, 'आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारीत जी माणसे चुकतात, त्यांच्यासाठी काही वस्तू तयार करा.' दहापैकी नऊ मुले म्हणतील, मोबाइलवर एक ॲप काढू. थांबा. चुकते कोण? जवान पोरगा चुकला तर फोन लावतो. चुकते ती परभणीकडून आलेली, सत्तरीची, अक्षरओळख नसलेली आजी. तिच्याजवळ फोन असेलच असे नाही, असला तरी दोन दिवसांत त्याची चार्जिंग संपलेली. तिला तिच्या दिंडीच्या विणेकऱ्याचे नाव ठाऊक असते, रथाच्या पुढे की मागे आणि कितवी दिंडी, हेही बहुधा ठाऊक असते. तिला ठाऊक नसते ते एवढेच, की आज आपला मुक्काम कोणत्या शाळेत, कोणत्या रानात पडला आहे. ती काय करते? रस्त्यावरच्या पोलिसाला, चहावाल्याला, पाणी वाटणाऱ्या पोराला विचारते.

म्हणजे बघा, वस्तू आजीसाठी, पण ती वापरणार तो चहावाला! एवढे ध्यानात आले की उत्तराचे तोंडच फिरते. आजीच्या गळ्यात माळेबरोबर एक पक्का बिल्ला, त्यावर मोठ्या आकड्यात दिंडीचा क्रमांक आणि दिंडीचालकाचा फोन. आणि वाटेवरच्या माणसांजवळ रोजच्या मुक्कामांची यादी, क्रमांकाप्रमाणे लावलेली. बिल्ला कागदाचा चालणार नाही, कारण आषाढाचा पाऊस आहे. नातेवाइकांना आजी कुठे आहे ते नकाशावर दाखवावे की नाही? दाखवता येईल, पण त्याला बॅटरी आली, ती रोज भरणे आले. म्हणून पहिल्या वर्षी ते नको. असे 'नको' कारणासकट सांगता येणे, याला मुलाखतीत मोठे वजन असते. आणि शेवटी, वस्तू उपयोगी पडली हे कशावरून ओळखायचे? किती बिल्ले वाटले यावरून नव्हे. चुकलेली आजी पूर्वी किती वेळाने दिंडीत पोचे आणि आता किती वेळाने पोचते, यावरून.

कधी कधी वस्तू चोख असून माणूसच ती घेत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. अशा वेळी नांगराचा फाळ सुधारून काय होणार? त्या भीतीवर इलाज हवा. एखाद्याच्या बांधावर तो फिरवून दाखवायला हवा. हाही उत्तराचाच भाग आहे, आणि पुष्कळ मुले तो सोडून देतात.

मग तयारी करायची कशी? पुस्तके आहेत, वाचावीत. पण ठरावीक पायऱ्या पाठ करून गेलेला मुलगा दोन मिनिटांत ओळखू येतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, रविवारी इंद्रायणीच्या घाटावर, एस.टी. स्टँडवर किंवा चाकणच्या कांद्याच्या बाजारात तासभर बसा. एकच वस्तू पाहा. हमालाचे आकडे, तिकिटाची खिडकी, काहीही. लोक कुठे अडखळतात, आणि अडखळल्यावर काय जुगाड करतात, ते वहीत टिपा. जिथे जुगाड, तिथे अडचण आहे असे खुशाल समजावे. मग घरी येऊन मित्रासमोर घड्याळ लावून अर्धा तास मोठ्याने बोला. मनातल्या मनात केलेला विचार तोंडून काढताना कसा लंगडतो, ते तेव्हाच कळते. मुलाखत बहुधा इंग्रजीत असते. असू द्या. विचार मराठीत पुरा करावा आणि लहान लहान वाक्यांत सांगावा. तिथे भाषणाची स्पर्धा नसते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी चौथीचा वर्ग नेऊन उभा करा आणि पहिलीची मुले पाणी कशी पितात ते पाहायला सांगा. नळ उंच असतो, खाली चिखल असतो, धाकटी पोरे थोरल्यांना नळ सोडायला विनवतात. 'यात काय बदलाल, आणि एकच बदलता येणार असेल तर कोणतं?' एवढे विचारा. मुले जी उत्तरे देतात ती ऐकण्यासारखी असतात.

माझा तो विद्यार्थी परवा पुन्हा भेटला. त्याने घरी जाऊन आजोबांना गजराविषयी विचारले होते. आजोबा म्हणाले, "गजर कशाला? मला झोपच कुठं लागते! रात्री जाग येते तेव्हा किती वाजले ते कळत नाही, तेवढं कळलं तर बरं. दिवा लावला तर तुझ्या आईची झोप मोडते." पोराला वाटले, चमकणारे घड्याळ आपण सांगितलेच होते की! त्याने तसले एक आणून उशाशी ठेवले. सकाळी विचारले, तर आजोबा म्हणाले, "चमकतंय चांगलं. पण चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत, आणि चष्मा शोधायला दिवा लागतो."