वॉट वाढवले म्हणून लातूर लागत नाही

"नांदेडहून लातूर लागेल ना?" हातात पाच वॉटची नवी हँडी (हातात मावणारा वॉकीटॉकी), स्क्रीनवरचं प्लॅस्टिकही अजून सोललेलं नाही, आणि पहिला प्रश्न हा. नाही लागणार म्हटलं की दुसरा तयार असतो: "मग आठ वॉटची घ्यायला हवी होती का?" हॅम रेडिओची परीक्षा पास झालेली, कॉल साईन मिळालेली माणसंही हे विचारतात तेव्हा चिडचिड होते. उत्तर त्याच परीक्षेच्या अभ्यासात होतं की!

पुन्हा एकदा सांगतो. हँडी ज्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते, तिथल्या लहरी जवळपास सरळ जातात. जमीन मात्र पुढे पुढे खाली वळत जाते. सेट जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज संपतं. उभ्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे पाच किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर त्याचे पाच. झाले दहा. खोक्यावरचे '१० किमी' म्हणजे अगदीच थाप नाही. फक्त मध्ये घर, झाड, टेकाड, काही म्हणजे काही नको. तरोडा नाक्यापासून वजिराबादपर्यंत काय काय उभं आहे ते नांदेडकरांना सांगायला नको. भर वस्तीत, जमिनीवरून दीड-दोन किलोमीटर मिळाले तरी सेट उत्तम आहे असं समजा.

आता लातूर. सरळ रेषेत अंतर साधारण ११० किलोमीटर. वरचंच गणित उलटं फिरवलं तर, मधली जमीन पूर्ण सपाट धरूनसुद्धा, दोन्ही टोकांना पावणेदोनशे मीटरचे मनोरे लागतील. आणि मधे लोहा-अहमदपूरकडचा बालाघाटचा चढउतार आहे तो वेगळाच. या सगळ्या हिशेबात वॉट कुठे आले का? नाही आले.

वॉट निरुपयोगी नसतात, पण त्यांचं काम वेगळं. सिग्नल दाखवणारा मीटर एका घराने पुढे सरकायला चौपट ताकद लागते. पाचाचे दहा वॉट केले तर अर्धं घर. पाचाचे आठ केले तर ऐकणाऱ्याला फरकही कळणार नाही, तुमची बॅटरी मात्र लवकर बसेल. उसाच्या फडात उभं राहून केवढाही मोठा दिवा लावा, बांधापलीकडे उजेड दिसत नाही. माळ्यावर चढून साधी बॅटरी दाखवली तर ती लांबच्या शिवारातूनही दिसते.

इथे लातूरचा कोणीतरी हमखास म्हणतो, "आमचं गाव तुमच्यापेक्षा उंचावर आहे." आहे. लातूर समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि नांदेड साडेतीनशेच्या थोडं वर. पण लातूरच्या भोवतीचं पठारही तेवढंच उंच आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तुम्ही किती वर आहात, हे बघायचं. गंजगोलाईत रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा नांदेडमधल्या चौथ्या मजल्याची गच्ची केव्हाही चांगली. तिथे सेट सोळा मीटरवर गेला तर त्याचं एकट्याचं क्षितिज सोळा किलोमीटरच्या पुढे जातं.

अजूनही पटत नसेल तर आकाशाकडे वळा. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. त्यावरचा हॅम रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा सेट, बहुतेक वेळा चालू असतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. तुमची तीच हँडी, जिला विष्णुपुरी नीट लागत नाही, ती गच्चीवरून हे बोलणं पकडते, कारण मध्ये काही नसतं. स्थानक जवळ येताना ४३७.८१० वर ऐकायला लागा, डोक्यावर असताना ४३७.८००, लांब जाताना ४३७.७९०, वेगामुळे फ्रिक्वेन्सी एवढी सरकते. दहा मिनिटांच्या आत खेळ संपतो. नव्या सेटचा रिसीव्हर तपासायला याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही, आणि तीही बटण न दाबता. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला त्याच स्थानकावरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले होते.

लातूरकडे गेलं की किल्लारीचा विषय निघतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो भूकंप, सुमारे दहा हजार माणसं गेली. हॅम मंडळी तेव्हा मदतीला उतरली होती हे खरं. त्यावरून "तेव्हा हातातल्या वॉकीटॉकीवरून मुंबईशी बोलत होते" ही कथा मात्र कशी तयार झाली कोण जाणे. शेकडो किलोमीटरवरचे निरोप ७ मेगाहर्ट्झसारख्या एचएफ पट्ट्यांवर जातात. त्या लहरी वर आयनांबराला लागून परत जमिनीवर येतात. त्यासाठी वेगळा सेट लागतो, मोटारीची बॅटरी लागते आणि वीसेक मीटर तार दोन खांबांमध्ये ताणावी लागते. हँडीचं काम एका गावापुरतं: ढिगाऱ्यापाशी असलेला माणूस आणि छावणीतला माणूस यांच्यात.

मग पल्ला वाढवायचा कसा? आधी सेट उभा धरा. कमरेला खोचलेला, आडवा धरलेला सेट स्वतःचाच सिग्नल खातो. बोलताना तोंडापासून चार बोटं लांब, आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर कॉल साईनचं पहिलं अक्षर कायम गायब. समोरच्याचा आवाज तुटला तर ओरडू नका, एक पाऊल बाजूला सरका. लहर दोन मीटर लांबीची आहे, भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे एका पावलावर सिग्नल मरतो आणि पुढच्यावर जिवंत होतो. आणि अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला साधारण ४९ सेंटीमीटर वायर अडकवून खाली लोंबती सोडा. आखूड रबरी अँटेनाला नसलेला अर्धा भाग तिच्यामुळे मिळतो. आठ वॉटच्या सेटला जे जमत नाही ते ही फुकटातली वायर बऱ्याचदा करून दाखवते.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे: "नुसता घरात ठेवायला आणि ऐकायला परवाना कशाला?" लागतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात वायरलेस उपकरण बाळगण्यालाच परवाना लागत होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही बाळगण्याचा उल्लेख आहे. ऑनलाईन सहज मिळतो म्हणून कायदेशीर, असंही नाही. परवाना लागणाऱ्या वॉकीटॉकी विकायला ठेवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. परवान्याशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट. स्वस्त चिनी हँडी १३६ ते १७४ मध्ये कुठेही बोलते, आणि त्यात आपले नसलेले पुष्कळ पट्टे येतात. सेट हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ च्या बाहेरचं ट्रान्समिशन बंद करणं.

बाकीचे किरकोळ. परीक्षेला इंजिनिअर असावं लागत नाही, बारा वर्षं पूर्ण असली की पुरे. मोर्स फक्त जनरल ग्रेडला, रिस्ट्रिक्टेडला नाही. नवी बॅटरी रात्रभर चार्ज करणं ही निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली सवय. लिथियमची हिरवी लाईट लागली की काढा. स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) शून्यावर ठेवल्यावर येणारी खरखर म्हणजे बिघाड नव्हे, रिसीव्हर जिवंत असल्याची ती खूण आहे.

ऐकीव गोष्टींमधली एक मात्र शंभर टक्के खरी आहे: अँटेना न लावता बोलायचं बटण दाबू नये. बाहेर जायला वाट नसलेली ताकद उलटी फिरून शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. काही सेट ते थोडा वेळ सहन करतात, पण आपला सहन करतो का हे बघायला जाऊ नका. अँटेना बुडाशी धरून आटे फिरवा, शेंड्याला धरून नव्हे. पहिली चाचणी लो पॉवरवर, आपली कॉल साईन सांगून, दोन गल्ल्या पलीकडच्या गच्चीवरच्या हॅम मित्राबरोबर.