लेखांक 7 : भिवंडीच्या मुलाला इतिहास कशासाठी?

दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा. मार्च जवळ आला की या गुणांसाठी सनावळ्या घोकायच्या आणि पेपर देऊन वर्गाबाहेर पडलं की विसरायच्या, हा सगळीकडचाच रिवाज. भिवंडीही त्याला अपवाद नाही. गणित-विज्ञानाच्या क्लासची फी कशीबशी जमवणारे आईबाप विचारतात, इतिहास शिकून पोरगं कमावणार काय? ज्या घराचं पोट यंत्रमागावर आहे, त्या घराला हे विचारायचा पुरेपूर हक्क आहे. उत्तर देण्यासाठी मला गावाबाहेर जावं लागत नाही.

7 मे 1970. भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि हिंदू-मुस्लीम दंगल पेटली. लगोलग तिचं लोण जळगाव आणि महाडला पोचलं. माणसं मेली, माग जळाले, शेजारी शेजाऱ्याला पारखा झाला. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, कोणत्या घोषणा द्यायच्या, गुलाल कुठे उधळायचा यावरून कुरबुरी आधीपासून चालू होत्या. ज्या राजाच्या नावाने ही मिरवणूक होती, त्याने कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली ती ऑक्टोबर 1657 मध्ये. पुढे इथल्याच खाडीच्या आसऱ्याने स्वराज्याचं आरमार उभं राहू लागलं आणि त्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान हा मुसलमान होता. रस्त्यावरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना हे ठाऊक असतं तर दंगल टळली असती, असं मी म्हणणार नाही. इतका भाबडेपणा भिवंडीबद्दल लिहिणाऱ्याला परवडत नाही. पण भडकवणाऱ्याचं काम थोडं जड नक्कीच झालं असतं.

दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. पि. मादन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी वर्षानुवर्षं शपथपत्रं वाचली, साक्षी घेतल्या, साक्षीदारांच्या उलटतपासण्या ऐकल्या. एकाने काही सांगितलं की दुसऱ्या कागदाशी ते ताडून पाहायचं. सांगणारा तेव्हा खरंच तिथे होता का? त्याने हे पहिल्यांदा कधी सांगितलं? तसं सांगण्यात त्याचा काही फायदा होता का? हे प्रश्न पोलिसांनाही चुकले नाहीत. भिवंडीच्या खास तपास पथकाने एकतर्फी तपास केला, असा स्पष्ट ठपका आयोगाने ठेवला. अनेक खंडांचा हा अहवाल माझ्या मते महाराष्ट्रात झालेल्या इतिहासाच्या कामाचा उत्तम नमुना आहे, जरी तो एका न्यायाधीशाने लिहिलेला असला तरी.

हीच पद्धत शाळेत शिकता येते. दहावीच्या पुस्तकातले पहिले दोन धडे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर आहेत. मुलांना ते रुक्ष वाटतात आणि पुष्कळ वर्गांत ते घाईघाईने उरकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. साधन कशाला म्हणतात, ते कसं पारखायचं, बखर आणि समकालीन पत्र यांचं वजन सारखं का नसतं, हे त्याच धड्यांत येतं. मोबाइलवर आलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा, कोणी काढला हे विचारणारा पोरगा तिथेच घडू शकतो. बालभारतीची इतिहासाची पुस्तकं उर्दूतही निघतात. म्हणजे चौथीतला शिवाजी महाराजांचा इतिहास गल्लीच्या या टोकाची मराठी शाळा आणि त्या टोकाची उर्दू शाळा, दोन्हीकडे वाचला जातो. एवढा मोठा दुवा आपण नुसता परीक्षेपुरता वापरतो.

आता वर्गात बसलेली मुलं पाहा. कोकणी मुसलमान आणि आगरी इथले जुने. मोमीन विणकरांची घराणी 1857 नंतर उत्तरेतून हातमागाची विद्या घेऊन आली. पद्मशाली तेलंगणातून आले. जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि कापडाचं काम आणखी जोमाने इथल्या यंत्रमागांकडे वळलं. आपले आजोबा भिवंडीत कधी आले, का आले, पहिल्यांदा कोणाच्या कारखान्यात कांडी भरली, एवढं मुलाने घरी विचारून लिहून आणलं, तर वर्गाच्या भिंतीवर अर्ध्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहील. मग ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ हा वाद घालणाऱ्याला त्या वर्गातून चार अवघड प्रश्न ऐकावे लागतील.

ज्यांना आणखी मागे जायचं आहे, त्यांच्यासाठी तालुक्यातच लोनाड आहे. तिथे बौद्ध लेणं आहे, शिलाहारकालीन मंदिर आहे. लोनाडच्या शिलालेखावर शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला शके 1106 आहे. त्यात 78 मिळवले की इसवी सन 1184. ही बेरीज पाचवीतलं पोरही करतं, आणि ती त्याने गावात उभं राहून केली की सन पाठ करावा लागत नाही.

परत दंगलींकडे येतो. 1984 मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी आधीच्या दंगलींचा अनुभव समोर ठेवून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतले दोन्ही समाजांचे लोक आणि बीटवरचे पोलीस नियमित एकत्र बसू लागले. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचं खोपडे यांचं पुस्तकच आहे. भिवंडीतल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ते असायला हवं, आणि नववी-दहावीच्या वर्गात ते मादन अहवालातल्या निवडक भागांशेजारी ठेवून वाचून घ्यायला हवं. पुढच्या आठवड्यात त्यासाठी शिक्षकाला काय तयारी करावी लागेल, ते पाहू.