कोरड्या ओढ्याची वाट

अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीनें खोदलेल्या प्रचंड दरीचीं चित्रें आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलीं असतील. वर रखरखीत पठार, खालीं मैलभर खोल गेलेले खडकांचे थर, आणि हें सारें खोदकाम करणारी नदी तळाशीं एखाद्या फितीएवढी! असलें दृश्य पाहावयाचें तर सातासमुद्रांपलीकडे जावें लागतें, अशी आमचीहि समजूत होती. यंदाच्या चैत्रांत मात्र नेरळच्या स्थानकावर उतरून अवघ्या एका दिवसांत त्या दृश्याची एक लहानशी आवृत्ति आम्हांस पाहावयास मिळाली. आणि तिच्याबरोबर जो धडा मिळाला, तो चित्रांत कधींच दिसला नव्हता. तोच येथें सांगावयाचा आहे.

आम्ही चौघे होतों : मी, माझे धाकटे बंधु, त्यांचे चौदा वर्षांचे चिरंजीव, आणि नेरळजवळच्या एका ठाकूरवाडींतला तरुण वाटाड्या. प्रत्येकानें दोन मोठ्या बाटल्या पाणी घ्यावें, असें त्यानें आदल्या दिवशींच कळविलें होतें. ओझें नको म्हणून आम्हीं एकेकच घेतली. शिकलेल्या माणसांस दुसऱ्याचें ऐकण्याची संवय कमी, हेंच खरें.

नेरळहून माथेरानास जाण्यास १९०७ सालीं सुरू झालेली, दोन फुटी रुळांची चिमुकली आगगाडी आहे. मोटारी दस्तुरीपर्यंत जातात. पुढें त्यांना मज्जाव. आम्हीं पायवाटच पत्करली. उन्हें चढण्यापूर्वींचा तो चढ मोठा सुखाचा होता. पळसाचा बहर ओसरला होता, परंतु पांगाऱ्याचीं तांबडीं फुलें अजून टिकून होतीं. करवंदीच्या जाळ्यांत पांढरीं फुलें आणि हिरवीं फळें एकत्रच नांदत होतीं. कोठें तरी तांबट पक्ष्याचा ठोका एकसारखा चालला होता. माथ्यावरच्या दाट रानांत अंजनीच्या फांद्यांना बिलगलेले निळ्या फुलांचे झुबके पाहून चिरंजीव तर वाट चालणेंच विसरले.

माथेरानची उंची सुमारें २,६०० फूट. आम्हांस उतरावयाचें होतें तें दक्षिणेकडून, वन ट्री हिल नांवाच्या टोंकाजवळच्या घळींतून, चौक गांवाच्या बाजूस. या वाटेला लोक शिवाजीची शिडी म्हणतात. माथेरानच्या इतिहासांतहि या बाजूला मान आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौकास मुक्कामाला असतां या डोंगरावर चढले, ते याच टोंकाखालच्या ओढ्याच्या पात्रांतून. माथेरानचा शोध लागला तो तेव्हां, असें पुस्तकें सांगतात. या डोंगरांत ठाकूर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहेत. त्यांना मात्र माथेरान हरवलें आहे असें कधीं वाटलेंच नव्हतें!

घळींत शिरतांच जग बदललें. माथ्यावरची गर्द सांवली संपली आणि दोहों बाजूंनीं काळ्या कातळाच्या भिंती उभ्या राहिल्या. हा दगड सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. रसाचे थर एकावर एक थिजत गेले आणि पुढें पाण्यानें त्यांवर करवत चालविली. पायाखालचे धोंडे घासून गुळगुळीत झालेले. भिंतींच्या फटींत, आमच्या डोक्याहून उंच, वाळक्या काटक्यांचे झुपके अडकलेले. गेल्या पावसाळ्यांतल्या पुराची ती खूण, असें वाटाड्यानें सांगितलें. ओढ्यांत पाण्याचा एक थेंब नव्हता. परंतु जिकडे पाहावें तिकडे पाण्याचीच सही होती.

“काका, येथें इतका पाऊस पडतो, मग ओढा कोरडा कां?” चिरंजीवांनीं विचारलें. प्रश्न वाजवी होता. माथेरानावर वर्षाकाठीं सुमारें २०० इंच पाऊस पडतो. परंतु तो पडतो चार महिन्यांत, आणि पडतो तीव्र उतारावर. माथ्यावरचा तांबडा जांभा सच्छिद्र असल्यानें थोडें पाणी शोषून घेतो, आणि तें खालच्या घट्ट काळ्या दगडाशीं अडलें कीं झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. काळा दगड स्वतः मात्र फारसें सांठवीत नाहीं. त्याच्या फटींत मुरेल तेवढेंच आपलें. उरलेलें सारें खाडीकडे धांवत सुटतें. अमेरिकेंतील ती दरी पाऊस पडत नाहीं म्हणून रखरखीत. आपली घळ पडलेला पाऊस थांबत नाहीं म्हणून कोरडी.

हें विवेचन करतां करतां एक वाजला आणि आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. कातळ तव्यासारखा तापला होता. बंधूंचे पाय लटपटूं लागले. अर्धा तास कोणी बोललें नाहीं.

घळ जेथें रुंदावते तेथें एका उंबराखालीं ओढ्याच्या वाळूंत हातभर खोल झिरा खणलेला होता. एक वृद्ध ठाकरीण करवंटीनें त्यांतलें पाणी हंड्यांत भरीत होती. करवंटी भरावी, मग पाणी पुन्हां पाझरेपर्यंत थांबावें, असा तो क्रम. वाटाड्यानें तिला दोन शब्द सांगितले. “बसा, भाऊ. निवळूं द्या जरा,” ती म्हणाली, आणि तिनें आपला हंडा बाजूला ठेवून आम्हांस एकेक करवंटी दिली. चिरंजीवांनीं आपली अर्धी पिऊन उरलेलें पाणी तोंडावर मारण्यास हात उचलला. म्हातारी कांहींच बोलली नाहीं. तिनें केवळ त्या करवंटीकडे पाहिलें. वाटाड्यानें मुलाचा हात हळूच धरला. पोरानें तें पाणी मुकाट्यानें हंड्यांत ओतूं पाहिलें, तेव्हां ती हंसली आणि म्हणाली, “पी, बाळा.”

दिवसाला अशा दोन खेपा ती करीत असे. आमच्या तिघांच्या तहानेनें तिचा पाऊण तास घेतला होता.

तेथून समोर मोरबे धरणाचा विस्तीर्ण जलाशय चकाकत होता. त्याचें पाणी नळांनीं नवी मुंबईस जातें. त्याच्या पलीकडे इर्शाळगडाचा सुळका दिसला आणि आम्ही सारेच गप्प झालों. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्या गडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर मुसळधार पावसांत दरड कोसळली. २७ जणांचे देह मिळाले. ५७ जणांचा शोध लागला नाहीं. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांना चिखलांतून पायींच चढावें लागलें. म्हातारीनें आमची नजर ओळखली. “पाऊस ये म्हनवत न्हाई, नको बी म्हनवत न्हाई,” एवढेंच बोलून तिनें पुन्हां करवंटी उचलली.

वाचकहो, कोलोरॅडोची दरी पाहून मनुष्य आपल्या क्षुद्रतेचा विचार करतो, असें म्हणतात. या घळींत आम्हांला दुसरा विचार सुचला. जें पाणी आषाढांत घरें गाडतें, तेंच चैत्रांत करवंटीनें मोजावें लागतें. आणि या दोन टोंकांच्या मध्यें जीं माणसें राहतात, त्यांच्या अंगणांतून आपण सहलीला जात असतों. तेव्हां अवश्य जा. उन्हें चढण्यापूर्वीं निघा, वाटाड्या तेथलाच घ्या, आणि त्याचा योग्य मोबदला घासाघीस न करतां द्या. पण पाणी मात्र घरून न्या, तो सांगेल तितकें न्या. परततांना बाटलींत घोटभर उरलें, तर तें एखाद्या झिऱ्यावरच्या हंड्यांत रितें करा.

आमच्या घरीं आतां नळ उघडा राहिला कीं चिरंजीव उठून तो बंद करतात. त्यांना कोणी सांगावें लागत नाहीं.